सचोटी आणि क्षमता : सुरुवात दप्तर तपासणीपासून

करवीर तालुक्यातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : शासकीय सेवेतील सचोटी आणि कार्यक्षमता पुन्हा उभी करायची असेल, तर सुरुवात कोठून करावी? कायदे आणखी कडक करावेत, सगळी कामे ऑनलाइन करावीत, की भरती आणि पगार यांकडे आधी पाहावे? प्रश्नकर्ते स्वतः स्पर्धा परीक्षेची तयारी करीत आहेत, त्यामुळे प्रश्नामागे थोडी काळजीही आहे. मी कोल्हापूर जिल्ह्यात महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. उत्तर त्या अनुभवाच्या आधारेच देतो. मंत्रालयातून हा प्रश्न वेगळा दिसत असेल, पण लोकांना सरकार भेटते ते तलाठी कार्यालयात, पंचायत समितीत आणि तहसीलच्या खिडकीवर.

माझे उत्तर असे की सुरुवात दप्तर तपासणीपासून करावी. वरिष्ठाने ठरलेल्या वेळी कनिष्ठाच्या कार्यालयात जाऊन त्याच्या नोंदवह्या स्वतः उघडून पाहाव्यात, शेरे लिहावेत आणि त्या शेऱ्यांची पूर्तता झाली की नाही हे पुढच्या खेपेस पाहावे, ही आपल्या प्रशासनाची जुनी शिस्त होती. नियमांच्या पुस्तकांत ती अजूनही आहे. व्यवहारात ती बहुतेक ठिकाणी कागदावर उरली आहे, आणि माझ्या मते सचोटी आणि क्षमता या दोन्ही गोष्टी तिच्याबरोबरच खाली गेल्या.

हे समजण्यासाठी वारस नोंदीचे साधे उदाहरण घ्यावे. शेतकरी वारला, मुलांनी मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज दिला. तलाठ्याने गाव नमुना ६-क या वारसा प्रकरणांच्या नोंदवहीत नोंद घ्यायची, चौकशीअंती नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाची नोंद, धरायचा, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० खाली हितसंबंधितांना नोटीस द्यायची, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची आणि हरकत नसेल तर सर्कलने, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याने, नोंद प्रमाणित करायची. हरकत आली तर प्रकरण ६-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जाते. या सगळ्या कामात बुद्धीची कसोटी लागेल असे फारसे काही नाही, आणि तरीही याच कामासाठी लोक वर्ष-वर्ष हेलपाटे घालतात.

एका गावाचे दप्तर तपासताना मी नमुना ६ घेऊन प्रत्येक नोंदीसमोरच्या तीनच तारखा एका कागदावर उतरवल्या : नोंद धरल्याची, नोटीस बजावल्याची आणि प्रमाणित झाल्याची. रस्त्यालगतच्या, बिनशेतीच्या तोंडावर आलेल्या गटांच्या, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांच्या, खरेदीखतांच्या नोंदी सोळाव्या-सतराव्या दिवशी प्रमाणित झाल्या होत्या. आत डोंगराकडच्या खातेदारांच्या वारस नोंदी मात्र पाच-पाच महिने लोंबकळत होत्या, आणि त्यांतल्या कित्येकांची नोटीसच बजावलेली नव्हती. शिवाय ६-अ मध्ये काही हरकती अशा होत्या की हरकत घेणाऱ्याचा त्या गटाशी दूरचाही संबंध नव्हता. हरकत आली, काही आठवड्यांनी ती मागे घेतली गेली आणि लगेच नोंद मंजूर झाली. या मधल्या काळात काय घडले असेल, हे सांगायला साक्षीदार लागत नाही. तक्रार एकाही खातेदाराने केलेली नव्हती, कारण उद्या पुन्हा त्याच टेबलाशी काम पडणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. तारखा मात्र सगळे सांगत होत्या, आणि त्या वाचायला एक दुपार पुरली.

तक्रारीवर अवलंबून असलेली व्यवस्था आणि तपासणीवर उभी असलेली व्यवस्था यांत हा मोठा फरक आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्याची बातमी आपण वाचतो. तो विभाग आवश्यकच आहे, त्याचा १०६४ हा क्रमांकही लोकांना पाठ असावा. पण सापळा लागायला एखाद्या माणसाला हिंमत करून पुढे यावे लागते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही दोषी ठरतो, आणि ज्याला लाच देणे भाग पाडले गेले त्याने सात दिवसांत कळवले तरच त्याला संरक्षण मिळते. एवढे सगळे समजून घेऊन तक्रार करणारा शेतकरी विरळाच. त्यापुढे खटल्याला मंजुरी, त्यासाठी कायद्याने दिलेले तीन महिने आणि वाढीव एक महिना, मग न्यायालय. निलंबित कर्मचारी तोपर्यंत निर्वाह भत्ता घेतो आणि अनेकदा पुन्हा सेवेत येतो. कायदे आणखी कडक केल्याने या रांगेची लांबी कमी होणार नाही. म्हणून त्या पर्यायाबद्दल मी यापेक्षा जास्त लिहीत नाही.

तपासणी बंद का पडली, हे अधिक महत्त्वाचे आहे. आळस हे त्याचे कारण नव्हे. तहसीलदाराचा आठवडा आता व्हिडिओ कॉन्फरन्स, आढावा बैठका, निवडणूक, योजनांचे उद्दिष्ट आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर तासाभरात मागितलेली माहिती यांत जातो. वरच्या कार्यालयाला आकडा हवा असतो. तो आकडा कसा तयार झाला हे पाहायला कोणाला सवड नसते. प्रलंबित प्रकरणे शून्य असा अहवाल गेला की त्या तालुक्याचे कौतुक होते. पुणे विभागात चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना झिरो पेंडन्सीची मोहीम झाली, तिच्यात कोल्हापूरही होते. त्याआधी ऐंशीच्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामकाजाची जी घडी बसवली, ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. या दोन्ही प्रयोगांत कागदांचे गठ्ठे उघडून, वर्गीकरण करून, कोणता कागद कोणाकडे किती दिवस आहे हे पाहणे होते; म्हणजे मुळात तपासणीच होती. असे प्रयोग अधिकारी बदलला की विरतात, याचे कारण ती मोहीम असते, सवय झालेली नसते.

तपासणीचा दुसरा उपयोग शिकवण्याचा होता, आणि तो मला पहिल्याहून मोठा वाटतो. तलाठ्याला आणि लिपिकाला दुय्यम सेवा परीक्षा आणि महसूल अर्हता परीक्षा द्यावी लागते, पण मार्गदर्शक पुस्तकाच्या आधारे ती सुटते. गाव नमुने खऱ्या अर्थाने कळतात ते अनुभवी अव्वल कारकून शेजारी बसून चूक दाखवतो तेव्हा. ज्याला नियम नीट येत नाही, तो दोन माणसांच्या ताब्यात जातो : खालच्या माहीतगाराच्या आणि वरच्या दबावाच्या. महसूल अधिनियमाचे कलम १५५ घ्या. लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातली चूक, दुरुस्त करण्यासाठी ते आहे, आणि अधिकाऱ्याला तपासणीत चूक आढळली तर संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय ती दुरुस्त करता येत नाही, असे त्या कलमातच म्हटले आहे. हे ज्याला पक्के ठाऊक आहे, तो हक्कात बदल करणारा आदेश 'दुरुस्ती' म्हणून काढायला सांगितले तर शांतपणे टिप्पणीत लिहू शकतो की हे या कलमात बसत नाही. ज्याला ते ठाऊक नाही, तो सही करतो. पुढे चौकशीत जाणूनबुजून सही करणारा आणि हा, दोघेही 'भ्रष्ट' या एकाच रकान्यात जातात, पण याचा प्रवास अज्ञानातून सुरू झालेला असतो. म्हणून सचोटी आणि क्षमता यांना वेगवेगळी औषधे शोधू नयेत, असे मला वाटते.

कोल्हापुरात हा विषय निघाला की राजर्षी शाहू महाराजांचे नाव येते, आणि ते योग्यही आहे. मात्र ते नाव घेताना त्यांच्या कामातला प्रशासकीय बारकावा बहुधा सुटतो. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या, हे सर्वांना माहीत आहे. त्याच हुकुमात प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचे तिमाही पत्रक सरकारकडे पाठवावे, असेही होते. हुकूम काढून ते थांबले नाहीत, तो पाळला जातो का हे पाहण्याची सोय त्यांनी हुकुमातच केली. पुढे १९१८ मध्ये त्यांनी कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. वतनदाराला गावाचे दप्तर वारशाने मिळत असे. ते त्याच्या घरात असे आणि त्याला त्यावरून हलवता येत नसे. पगारी, बदलीपात्र आणि जाब देणारा नोकर त्याच्या जागी आणणे हा त्या निर्णयाचा एक अर्थ आहे, जरी त्याची सामाजिक बाजू अधिक चर्चिली जाते.

आज पैसे मोजून 'क्रीम' जागी बदली करून घेणारा माणूस पुन्हा वतनदार होतो. त्याने जागेत भांडवल घातलेले असते आणि ते वसूल करणे हा त्याला आपला हक्क वाटतो. महाराष्ट्राने यासाठी २००५ मध्ये बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा कायदा केला. साधारण तीन वर्षांचा पदावधी, एप्रिल-मे मध्येच बदल्या, मधली बदली करायची असेल तर कारणे लेखी आणि वरच्या प्राधिकाऱ्याची मान्यता, अशी त्याची रचना आहे. कायदा चांगला आहे. पण 'विशेष कारण' आणि 'प्रशासकीय निकड' हे शब्द इतके ताणले गेले की त्यांच्या आड हवी ती बदली बसते, आणि मग प्रकरणे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात निश्चित पदावधीसाठी नागरी सेवा मंडळे नेमण्यास आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद ठेवण्यास सांगितले. यातली दुसरी सूचना मला अधिक मोलाची वाटते, आणि ती पाळायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. 'वरून फोन होता' असे ज्याच्याबद्दल म्हटले जाते, त्या फोनची तारीख आणि आशय टिप्पणीत लिहिला की निम्मे फोन पुन्हा येत नाहीत.

बदल्यांत सुधारणा शक्य आहे, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या एकेकाळी जिल्हा परिषदेतला सर्वांत मोठा 'व्यवहार' समजल्या जात. २०१७ च्या शासन निर्णयानंतर त्या संगणकीय प्रणालीतून होऊ लागल्या : शाळा अवघड आणि सर्वसाधारण क्षेत्रांत विभागल्या, संवर्ग ठरले, शिक्षकांनी पसंतीक्रम भरला आणि यादी यंत्राने लावली. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड भागात वर्षानुवर्षे अडकलेल्या शिक्षकांना प्रथमच आपला क्रम कधी येणार हे कळले. तक्रारी झाल्या; पती-पत्नी एकत्रीकरण आणि आजारपणाच्या प्रमाणपत्रांवर वाद झाले, निकष पुन्हा पुन्हा बदलले. पण कोणाच्या दारी जाऊन उभे राहायचे, हा प्रश्न पुष्कळसा संपला. तलाठी, ग्रामसेवक, सर्कल आणि नोंदणी व बांधकाम खात्यांतील जागांसाठी हेच करण्यास तांत्रिक अडचण कोणतीही नाही.

आता एका अशा गोष्टीविषयी लिहितो, जी अहवालांत सापडत नाही : सरबराई. मोठ्या व्यक्तीचा दौरा लागला की मंडप, जेवण, गाड्या, विश्रामगृहाबाहेरची माणसे या सगळ्याचा खर्च येतो, आणि त्यातला मोठा भाग कोणत्याही लेखाशीर्षात, म्हणजे सरकारी खर्चाच्या ठरलेल्या सदरात, बसत नाही. तो तालुक्यात वाटून दिला जातो. नव्याने रुजू झालेल्या, प्रामाणिक घरातल्या मुलाला पहिल्या सहा महिन्यांत सांगितले जाते की जेवणाचे तुझ्याकडे. तो ते पगारातून एकदा करतो, दुसऱ्यांदा करतो. तिसऱ्यांदा तो पैसे कोठून आणणार? त्याला भ्रष्टाचाराचा पहिला धडा लाच देणाऱ्याने दिलेला नसतो, तर वरिष्ठाने दिलेला असतो, आणि पुढे तोच वरिष्ठ त्याला काही विचारू शकत नाही. तलाठी कार्यालयात बिनपगारी बसणारा 'झिरो' मदतनीसही याच मार्गाने येतो : कामाचा बोजा एकाला झेपत नाही, खर्चाला तरतूद नाही, मग बाहेरचा माणूस ठेवला जातो, आणि त्याचा पगार अर्थातच लोक देतात. एखादे सरकार मनापासून सुधारणा करणार असेल, तर त्याने दौऱ्याच्या खर्चाचे अधिकृत लेखाशीर्ष उघडावे, बिल घेऊन खर्च करावा आणि त्याबाहेर जो मागेल त्याच्यावर कारवाई करावी. याला पैसे फार लागत नाहीत, फक्त वरून सुरुवात करावी लागते.

पगाराचा प्रश्न मी येथेच संपवतो. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. पगार आता निर्वाहाला अपुरा आहे, असे कोणी मानत नाही. भरतीचे मात्र तसे नाही. रिक्त पदे राहिली की एका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा (सजा म्हणजे एका तलाठ्याकडील गावे) अतिरिक्त कार्यभार येतो, तो कोणत्या गावात कोणत्या दिवशी भेटेल हे कळत नाही, आणि न भेटणे हीच गैरव्यवहाराची पहिली पायरी ठरते. २०२३ मध्ये बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय आला आणि विरोध झाल्यावर त्याच वर्षी मागे घेतला गेला. दप्तराची जबाबदारी ज्याच्यावर आहे, तो माणूस अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा असू नये, इतके तत्त्व पाळले तरी पुष्कळ आहे.

ऑनलाइन सेवांविषयी मी साशंक नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळू लागला, तेव्हा उताऱ्यासाठीची रांग आणि त्या रांगेतील 'चहापाणी' दोन्ही गेले. पण जेथे निर्णय घ्यायचा असतो, तेथे संगणक फक्त तारीख नोंदवतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने सेवांना कालमर्यादा दिली, पहिले आणि दुसरे अपील खात्यातच ठेवले, तिसरे सेवा हक्क आयोगाकडे ठेवले आणि ५०० ते ५,००० रुपयांच्या शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद केली. त्यावर शोधलेली पळवाट अशी की मुदत संपायच्या आदल्या दिवशी अर्जात त्रुटी काढून तो परत पाठवायचा. अर्जदाराने पूर्तता केली की नवी त्रुटी निघते. कागदोपत्री काम मुदतीत असते. यावर उपाय सोपा आहे : सगळ्या त्रुटी एकदाच आणि पहिल्या काही दिवसांतच काढाव्यात, आणि तपासणीत कोणत्या टेबलावरून किती अर्ज अखेरच्या दोन दिवसांत परत गेले हे पाहावे. प्रणालीत ही माहिती आपोआप साठलेली असते. पूर्वी मला नमुना ६ वरून हाताने ज्या तारखा उतरवाव्या लागल्या, त्या आता एका क्लिकवर मिळतात. त्या वाचणारा अधिकारी मात्र हवा.

वरिष्ठ दरवर्षी कर्मचाऱ्याच्या कामावर जो गोपनीय अहवाल लिहितो, त्याचीही तीच स्थिती आहे. सचोटीच्या रकान्यात जवळपास सर्वांची सचोटी निर्विवाद असते. देव दत्त प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवावा असे सांगितले, ते न्यायाचेच आहे. परंतु कळवावे लागणार म्हटल्यावर प्रतिकूल लिहिण्याचे धाडस पुराव्याशिवाय कोणी करीत नाही. तो पुरावा म्हणजे वर्षभराच्या तपासण्यांचे शेरे. ते नसले की मूल्यमापन वरिष्ठाच्या मर्जीवर येते.

आपल्या यंत्रणेत क्षमता उरलेलीच नाही, असे मानणाऱ्यांना मी २०१९ च्या महापुराची आठवण देईन. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोळ, करवीर, हातकणंगले भागात त्यानंतर घरोघरी पंचनामे झाले. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक एकत्र फिरत, तिघांच्या सह्या होत, आणि यादी गावात लावली जाई. चुका झाल्या, काही ठिकाणी नावे घुसडल्याच्या तक्रारीही झाल्या. पण ज्या गावात यादी चावडीवर लागली आणि ती मोठ्याने वाचली गेली, तेथे त्या तक्रारी गावातच निस्तरल्या. एरवी महिनाभर कागद न हलवणारी माणसे तेव्हा चिखलातून दिवसाला पन्नास घरे पाहत होती. काम स्पष्ट होते, अधिकार त्यांच्या हातात दिलेला होता आणि केलेले काम लगेच सर्वांसमोर येत होते.

आपण सेवेत येणार असाल, तर पहिल्या नेमणुकीवर वरिष्ठांना लेखी विनंती करा की माझे दप्तर तीन महिन्यांत तपासावे; याला नकार देणे अवघड असते, आणि तपासलेले दप्तर पुढे आपलेच संरक्षण करते. सेवेत नसाल, तर नागरिक म्हणूनही वाट आहे. दप्तर तपासणीचे शेरे आणि पूर्तता अहवाल हे अभिलेख आहेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात ते मागता येतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्याहून सोपे म्हणजे, २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत अभिलेख पाहण्यास मिळतात. आपल्या सजाची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, तीत किती शेरे होते आणि त्यांतल्या किती शेऱ्यांसमोर 'पूर्तता झाली' असे तारखेसह लिहिले आहे, एवढेच प्रथम पाहा. तपासणीच झालेली नसेल, तर तसे लेखी मागा आणि ते पत्र उपविभागीय अधिकाऱ्यांना अर्जासोबत जोडा.